वसाहतवादविरोध म्हणजे नेमकं काय? गोव्याच्या निमित्ताने

तेरेखोल

हल्ली 'वसाहतवादविरोधी' हे विशेषण कशालाही लावलेलं दिसतं. इंग्रजी शाळेला विरोध, गळ्यातल्या टायला विरोध, रस्त्याचं नाव बदलणं, परदेशी शीतपेयावर बहिष्कार, सगळं एकाच खात्यात जमा. शब्द इतका सैल वापरला की ज्यांनी त्यापायी तुरुंग भोगला त्यांचं म्हणणं ऐकूच येईनासं होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

मी बांद्याचा. गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी आमच्यापासून जवळ. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही या बाजूने हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालवल्या. पंजाबचे कर्नैलसिंग तिथे पडले. पनवेलचे हिरवे गुरुजी त्याच दिवशीच्या सत्याग्रहात गेले. मराठी, कोकणी, पोर्तुगीज यांतलं काही येत नसलेला पंजाबी तरुण इथे मरायला का आला? 'आपला देश' हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही.

माझी समज अशी. लांबचा एक देश दुसऱ्या भूमीवर राज्य करतो. निर्णय तिकडे होतात, नफा तिकडे जातो. इथला माणूस कायद्याने किंवा रोजच्या व्यवहारात दुय्यम ठरतो, आणि तू दुय्यम आहेस हे त्याला शाळेपासून पटवलं जातं. ही सगळी मिळून वसाहतवादाची व्यवस्था. तिला तत्त्व म्हणून नकार देणं म्हणजे वसाहतवादविरोध. यात गोऱ्या कातडीचा द्वेष बसत नाही आणि आपल्याकडे जे जुनं ते सगळं चांगलं असंही बसत नाही.

उदाहरण म्हणून गोवा घेतला, कारण इथे खुद्द 'वसाहत' या शब्दावरच लढाई झाली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीने १९३० साली 'आक्तु कोलोनियाल' म्हणजे वसाहत कायदा केला. सागरापारचे प्रदेश ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्यच आहे, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. मग १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून 'वसाहती' हा शब्द काढला आणि 'सागरापारचे प्रांत' असा घातला. गव्हर्नर लिस्बनहूनच येत राहिला, पोलीस तेच, सेन्सॉर तोच. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला. तुमच्याकडे स्वयंशासन नसलेले प्रदेश कोणते, अशी विचारणा झाल्यावर उत्तर आलं, एकही नाही, सगळे आमचे प्रांतच आहेत.

त्यावर १५ डिसेंबर १९६० ला आमसभेने ठराव क्रमांक १५४२ करून पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादीच दिली. अंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्द, मकाव, तिमोर यांच्याबरोबर त्यात गोवाही नावानिशी होता. ज्याला तुम्ही प्रांत म्हणता ती वसाहत आहे, हे जगाने लेखी सांगितलं. वर्षभरात गोवा मुक्त झाला.

तुम्ही हा शब्द कुठे वापराल आणि कुठे नाही? सविस्तर लिहा.

—

दशमी

उत्तम विषय. वाचतेय.

—

गावठाण

लेख आवडला, पण मूळ शंका तशीच राहिली. याला आपण सरळ 'स्वातंत्र्यलढा' म्हणतो. राष्ट्रवाद हा शब्दही आहे. मग हा वेगळा, जड शब्द हवाच कशाला? विद्यापीठातल्या लोकांचं ठीक आहे, आमच्यासारख्यांना त्याने काय जास्तीचं कळतं?

—

जुनी वही

गावठाण, फरक आहे आणि तो कागदावरचा नाही.

राष्ट्रवादी माणूस म्हणतो, माझा देश परक्याच्या ताब्यात नको. वसाहतवादविरोधी म्हणतो, कोणाचाच देश कोणाच्या ताब्यात नको. बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसात असतात, पण नेहमी नाही. पोर्तुगालचंच बघा. १९४९ च्या निवडणुकीत सालाझारच्या राजवटीविरुद्ध विरोधकांचे उमेदवार होते जनरल नॉर्तन द मातोस. हुकूमशाहीला त्यांचा विरोध होता, पण हेच गृहस्थ पूर्वी अंगोलाचे सर्वोच्च प्रशासक होते आणि साम्राज्य टिकलं पाहिजे असंच त्यांचं मत होतं. देशभक्त म्हणा, लोकशाहीवादी म्हणा, वसाहतवादविरोधी म्हणता येणार नाही.

आता उलट बाजू. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोत कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची एकत्र परिषद झाली. अंगोला, मोझांबिक, गिनीच्या लोकांबरोबर गोव्याच्या संघटनाही त्यात होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद भरला. गोव्याचे आक्विनु द ब्रागांसा या चळवळीतून पुढे आले. गोवा मुक्त झाल्यावर ते घरी येऊन बसले नाहीत. मोझांबिकच्या लढ्यात राहिले, तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले आणि १९८६ मध्ये माशेल यांच्याबरोबर त्याच विमान अपघातात गेले. नैरोबीत जन्मलेले, गोव्याच्या आईवडलांचे पियु गामा पिंटु केनियाच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या कैदेत राहिले. स्वातंत्र्यानंतर, २४ फेब्रुवारी १९६५ ला, नैरोबीत त्यांची हत्या झाली. या दोघांना 'भारतीय राष्ट्रवादी' म्हणून चालेल का? त्यांच्यासाठी हाच शब्द लागतो.

—

गावठाण

हे दोघे मला ठाऊकच नव्हते. शाळेच्या पुस्तकात गोवा अर्ध्या पानात उरकतात. धन्यवाद, जुनी वही.

—

कुळागर

मी फोंड्याची. आमच्याकडच्या आज्या अजून म्हणतात, पाखल्यांच्या (म्हणजे पोर्तुगिजांच्या) राज्यात दारं उघडी टाकून झोपायचो, चोरी नव्हती, माल सगळा परदेशी. तेव्हा या धाग्यावर हेही बोलूया, कारण गोव्यात हा शब्द काढला की समोरून हमखास हेच येतं.

परदेशी माल होता, खरं आहे. भारताने सीमा बंद केल्यावर हॉलंडचे बटाटेसुद्धा यायचे. पण उच्च शिक्षणाला पणजीत लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक शाळा) आणि १८४२ पासूनचं वैद्यकीय विद्यालय सोडलं तर काय होतं? विद्यापीठ नाही. पोरं धारवाडला, बेळगावला, पुण्या-मुंबईला. पोट भरायला मुंबई आणि आगबोटी. मुंबईत धोबीतलावला गावागावाच्या कुडी होत्या. गावाने मिळून घेतलेली खोली, तिथे ट्रंक ठेवायची, जहाज लागेपर्यंत राहायचं, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना) म्हणायचा. इतकं सुखाचं राज्य होतं तर गावंच्या गावं तिथे ट्रंका घेऊन का राहत होती?

यामागे एक कारण मिठाचंही. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगालने करार केला. ब्रिटिशांनी गोव्याचं मीठ आपल्या ताब्यात घेतलं, उत्पादनावर आणि विक्रीवर बंधनं आणली, आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये देऊ केले. मिठागरं आगरकऱ्यांची, पैसे सरकारला. आगरात राबणाऱ्याला कोणी विचारलं नाही. हा करार १८९२ पर्यंत चालला. दोन साम्राज्यांनी बसून तिसऱ्याच्या पोटाचा सौदा करावा, याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि बोलण्याचं म्हणाल तर, छापायची ती प्रत्येक गोष्ट आधी सेन्सॉरकडे जायची. लग्नपत्रिकासुद्धा! मुलीच्या लग्नाचा मुहूर्त सरकारी शिक्का बसल्याशिवाय छापता येत नव्हता. दारं उघडी होती म्हणणाऱ्यांना मी हे आठवून देते.

—

तेरेखोल

कुळागरताई, लग्नपत्रिकेचा मुद्दा अगदी नेमका. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी जे केलं त्याचं मोल यावरून कळतं. त्यांनी फक्त सभा घेतली. विनापरवाना सभेत उभं राहून बोलले आणि अटक झाले. लोहिया प्रकृतीला आराम म्हणून असोळण्याला मिनेझिसांच्या घरी आले होते. तिथे भेटायला येणाऱ्यांनी साधं बोलायचीही चोरी आहे हे सांगितलं, आणि लढा तिथून पेटला.

त्याआधी त्रिस्तांव ब्रागांसा कुन्हा एकटेच ही गोष्ट मांडत होते. पॅरिसमध्ये शिकताना साम्राज्यवादविरोधी वर्तुळात त्यांचा वावर होता. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती काढली. १९४४ च्या पुस्तिकेत त्यांनी लिहिलं की या राज्याने गोव्याच्या माणसाला स्वतःच्याच मुळांपासून तोडलं आहे. त्यापायी पुढे कोर्ट मार्शल, आठ वर्षांची शिक्षा आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात रवानगी. जन्माने ख्रिस्ती, शिक्षणाने फ्रेंच. 'गोव्यातले ख्रिस्ती पोर्तुगिजांच्या बाजूचे' असं जे कोणी सहज बोलतात त्यांनी कुन्हा, मिनेझिस, पीटर अल्वारिस, तेलु मास्कारेन्यश ही नावं आधी वाचावीत.

—

सुरंगी

इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून एक प्रश्न. हा शब्द मागे किती ओढायचा? कुंकळ्ळीला १५८३ मध्ये देवळं पाडण्यावरून उठाव झाला, पाच जेझुइट (ख्रिस्ती मिशनरी) मारले गेले, नंतर गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. हे वसाहतवादविरोधी का? त्या लोकांच्या मनात 'वसाहत' अशी काही कल्पना नव्हती. त्यांना आपलं दैवत, आपली जमीन आणि गावकीचा हक्क राखायचा होता.

सत्तरीच्या राणे घराण्याचंही तेच. १८५२ मध्ये दिपाजी राणे उठले ते वतनाच्या आणि कराच्या रागातून. १८९५ चं बंड तर फार गुंतागुंतीचं आहे. त्या वर्षी गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम आला. तिथलं बंड मोडायला कुमक हवी होती. शिपाई समुद्रापार जायला तयार नव्हते. घरच्यांची सोय, भत्ता, धर्म, सगळी कारणं होती. त्यांनी हत्यारं घेऊन बाहेर पडणं पसंत केलं आणि दादा राण्यांना जाऊन मिळाले. शेवटी लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

आता मला सांगा, एका वसाहतीतल्या शिपायांनी दुसऱ्या वसाहतीवर गोळ्या चालवायला नकार दिला. परिणाम पाहिला तर याहून मोठं उदाहरण सापडणार नाही. हेतू पाहिला तर आफ्रिकेतल्या माणसाचा विचार त्यात बहुधा कोणीच केला नव्हता. कोणतं धरायचं?

—

जुनी वही

सुरंगी, फार चांगला प्रश्न. माझं मत, दोन्ही वेगळं ठेवावं. कुंकळ्ळीचा उठाव हा वसाहती सत्तेला केलेला प्रतिकार, यात वाद नाही. पण 'वाद' म्हणायला एक विचार लागतो, इथलं दुःख आणि तिथलं दुःख एकाच व्यवस्थेतून आलंय ही जाणीव लागते. ती साधारण विसाव्या शतकात जुळली. १९२७ मध्ये ब्रसेल्सला साम्राज्यवादविरोधी परिषद भरली, नेहरू तिथे होते. १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. तिथपर्यंत तुकड्यातुकड्यांचे प्रतिकार होते. १८९५ च्या शिपायांना मी 'प्रतिकार करणारे' म्हणेन, आणि त्यांचा मान त्याने तसूभर कमी होत नाही.

उलट बाजूचंही बोलायला हवं. सगळ्यांनी नकार दिला नाही. ब्रिटिशांच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी मेल्या. कोणासाठी? आणि शिकलेले गोंयकार कारकून, अधिकारी म्हणून मोझांबिकला पोर्तुगीज कचेऱ्यांत गेले, ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतही गेले. वसाहतीतला माणूस दुसऱ्या वसाहतीत सत्तेचा हात होतो. ही आपली अडचणीची जागा आहे, ती झाकून हा शब्द वापरता येणार नाही.

—

आसूड

इतका वेळ वाचत होतो, आता राहवेना.

चर्चेत अजून एक माणूस आलाच नाही. राज्य गोऱ्याचं गेलं, तरी ज्याच्या डोक्यावर आधीपासून दुसरं ओझं होतं त्याचं काय? महात्मा फुल्यांना काही लोक आजही 'इंग्रजधार्जिणे' म्हणतात. त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' उघडून पाहावं. गोरा अधिकारी ऐशआरामात, त्याच्या हाताखालचा भट कारकून कुणब्याला नाडतोय, जंगल खात्याने चराऊ रानं गिळली, शेतसारा वाढतोय, हे सगळं त्यात तपशिलाने आहे. १८८२ मध्ये शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल येतो तो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. ही वसाहती अर्थव्यवस्थेचीच चिरफाड आहे, फक्त लुटीची साखळी गोऱ्या साहेबापाशी न थांबवता आपल्या गावच्या चावडीपर्यंत आणलेली.

बाबासाहेबांचंही तेच. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आणि १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध, दोन्हींत ब्रिटिश कारभाराची कठोर तपासणी आहे. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रिटिशांच्या तोंडावर सांगितलं की तुम्ही येण्यापूर्वी आमची जी दशा होती तीच आजही आहे, आम्हाला लोकांचं राज्य हवं. आणि त्याच दमात स्वतंत्र भारतात आमचं संरक्षण काय, हेही विचारलं. दोन्ही प्रश्न एकत्र विचारणं म्हणजे लढ्याशी दगाफटका, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

—

दशमी

आसूड, +१. पण मग दादाभाई आणि त्याआधीचे लोक? भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये मुंबईच्या इंग्रजी पत्रात टोपणनावाने पत्रं लिहिली आणि इंग्रजांच्या लुटीवर जळजळीत टीका केली. दादाभाईंच्या संपत्तीच्या ओघाच्या मांडणीच्या कितीतरी आधी. त्यांना वेगळं काढायचं का?

—

आसूड

वेगळं काढायचं नाही, शेजारी ठेवायचं. तर्खडकरांनी पैसा इथून कसा बाहेर जातो ते सांगितलं. फुल्यांनी तो बाहेर जाण्याआधी कोणाच्या कणगीतून उपसला जातो ते सांगितलं. दोन्ही हिशेब लागतात.

—

कुळागर

आसूड यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. गोव्यात १९६१ ला पाखले गेले, पण मुंडकार भाटकाराच्याच, म्हणजे जमीनदाराच्याच, जमिनीवर राहिला. घर त्याचं, खालची जमीन भाटकाराची. मनात आलं की उठ म्हणायचं. मुंडकार कायदा आला १९७५ मध्ये, कसेल त्याची जमीन करणारी दुरुस्ती १९७६ मध्ये. म्हणजे मुक्तीनंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी. माझ्या आजोबांच्या तोंडून मी 'मुक्ती' हा शब्द ऐकला तो या कायद्याबद्दल बोलताना. १९ डिसेंबरला ते ध्वजाला जायचे, पण डोळे भरून यायचे ते घराच्या कागदाबद्दल सांगताना.

भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार डिसेंबर १९६३ मध्ये आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, बहुजनांची पोरं पहिल्यांदा शाळेत बसली. माझ्या दृष्टीने तेही याच लढ्याचं पुढचं पाऊल.

—

गावठाण

बांदोडकरांचं नाव आलंच आहे तर विचारतो, राग मानू नये. त्यांचा पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून उभा होता. आमच्या घरात आजोबांना शेवटपर्यंत खंत होती की ते झालं नाही. सत्याग्रहाला माणसं आमच्याकडून गेली, मार आमच्या लोकांनी खाल्ला, आणि शेवटी गोवेकरांनी नाही म्हटलं. हे कसं समजून घ्यायचं?

—

कुळागर

राग कशाला? घरातल्यासारखा प्रश्न आहे.

१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. म्हणजे आमच्याकडेही दोन्ही बाजूंना घरंच्या घरं होती, माझ्याच घरात दोन मतं पडली होती. पण पाहा, साडेचारशे वर्षं आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पोर्तुगीज आले तेव्हा नाही, १८७८ चा करार झाला तेव्हा नाही, १९५१ ला प्रांत केला तेव्हा नाही. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, तुमचं तुम्हीच सांगा. उत्तर काय आलं यापेक्षा विचारलं गेलं हे मोठं. सत्याग्रहींनी मार खाल्ला तो याचसाठी, असं मी मानते. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधू लिमये यांचं ऋण आम्ही विसरलेलो नाही. मोहन रानडे सांगलीचे, आमच्यासाठी पोर्तुगालच्या तुरुंगात १९६९ पर्यंत राहिले, गोवा सुटल्यावरही सात वर्षं. त्या ऋणाची फेड म्हणून आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती देणं, हे त्यांनाही रुचलं नसतं.

—

गावठाण

असा विचार कधी केला नव्हता. पटतंय.

—

सुरंगी

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांनी १५४२ बरोबरच १५४१ हाही ठराव केला. त्यात वसाहत ओळखायची खूण दिली, राज्यकर्त्या देशापासून भौगोलिकदृष्ट्या वेगळा आणि वंशाने किंवा संस्कृतीने भिन्न असलेला प्रदेश. याला 'खाऱ्या पाण्याचा निकष' म्हणतात, मध्ये समुद्र असला तर वसाहत. बेल्जियमने यावर आक्षेप घेतला होता की मग सलग जमिनीवर शेजारच्या लोकांना जिंकून घेणाऱ्यांचं काय? रशियाने मध्य आशिया घेतला तो घोड्यावरून, जहाजातून नाही. बेल्जियमचा हेतू काँगोवरून लक्ष हटवण्याचा होता हे उघड आहे, तरी प्रश्न खोटा ठरत नाही. तिबेटच्या माणसाला समुद्र नाही म्हणून हा शब्द वापरायचा हक्क नाही का?

—

जुनी वही

हक्क आहे. कायद्याचा निकष हा त्या काळच्या मतांच्या गणिताने ठरलेला होता. शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे. निर्णय कुठे होतो, नफा कुठे जातो, माणूस दुय्यम ठरतो का, हे तेरेखोल यांनी सुरुवातीला लिहिलं तेच लावून पाहावं. आपल्या देशातल्या आदिवासी पट्ट्यालाही ते लावून पाहायची हिंमत हवी.

मतांच्या गणितावरून आठवलं. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत गोव्यावर ठराव आला, भारताने फौज मागे घ्यावी म्हणून. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी मांडलेला. बाजूने ७, विरोधात ४. त्या चारांत सोव्हिएत संघ होता आणि त्याच्या नकाराधिकाराने ठराव पडला, हे सगळ्यांना माहीत असतं. उरलेले तीन कोण? सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). नुकतेच वसाहतीच्या जोखडातून सुटलेले किंवा ते जवळून पाहिलेले. भारताचं म्हणणं होतं, हे आक्रमण नाही, वसाहतीचा प्रश्न आहे. ज्यांना तो शब्द अंगावर झेलून माहीत होता त्यांना ते लगेच कळलं.

—

दशमी

एक साधी शंका. 'निर्वसाहतीकरण' आणि हा शब्द एकच का? माझ्या भाचीच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये दोन्ही एकाच अर्थाने दिलेत.

—

जुनी वही

एक नाहीत. वसाहती मोडून स्वतंत्र देश होण्याची जी प्रक्रिया, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरची, ती निर्वसाहतीकरण. ती कधी वाटाघाटीने झाली, कधी राज्यकर्त्याला परवडेना म्हणूनही झाली. वसाहतवादविरोध ही भूमिका आणि तिच्यासाठीचा लढा. ब्रिटनने एखादी वसाहत सोडली म्हणजे ब्रिटन वसाहतवादविरोधी झाला असं नव्हे. भाचीला हे एवढं वाक्य पुरेल.

—

मुक्काम स्विंडन

मी गोव्यातल्या साष्टीतली, दहावी मराठी शाळेतून, आता इंग्लंडात स्विंडनला. इथे आमचे गोंयकार इतके आहेत की बसमध्ये कोकणी ऐकू येते. बहुतेक सगळे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो देताना माझा हात थरथरला होता.

गावाकडे काही लोक आम्हाला 'पाखल्यांचे' म्हणतात. मुक्तीसाठी लढलेल्यांचा अपमान केला म्हणतात. मला हे फार लागतं. माझ्या आईचे वडील आग्वादच्या तुरुंगात होते. आजीचा जन्म १९६१ पूर्वीचा, तिचा दाखला लावून मी इथे आले, गोदामात रात्रपाळी करते, भावाचं शिक्षण झालं. मी विश्वासघात केला का? इथल्या जाणकारांनी सांगावं.

—

तेरेखोल

ताई, मुळीच नाही. जुन्या कुडीत ट्रंक ठेवून जहाजाची वाट पाहणाऱ्या आणि स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला पोटानेच घराबाहेर काढलं आहे. कागद पोर्तुगालचा म्हणून तुमच्या आजोबांचा तुरुंग पुसला जात नाही.

आणि तो पोर्तुगालही आता तो नाही. आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही उलथवली. त्याच वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. अंगोला-मोझांबिकच्या लढ्याने पोर्तुगीज माणूसही सुटला. शेवटचे गव्हर्नर वासालो ए सिल्वा यांना सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्यांनी तो मानला नाही, १९ डिसेंबरला शरण आले, हकनाक मरणारी माणसं वाचली. सालाझारने त्यांना लष्करातून काढलं. १९८० मध्ये ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. ज्यांच्या मनात व्यवस्थेचा राग होता आणि माणसाचा नव्हता, त्यांनाच हे जमतं.

—

मुक्काम स्विंडन

वाचून रडले. देव बरें करूं, दादा.

—

आसूड

व्यवस्था म्हणालात म्हणून आजचं एक विचारतो. वसाहतीचे कायदे किती काळ चालत राहिले? गोव्याच्या खाणींबद्दल काहीतरी वाचलेलं आठवतं. कुळागर, तुम्ही तिथल्या आहात.

—

कुळागर

लिहिते, कारण हे आमच्या अगदी दारातलं आहे. पोर्तुगीजांनी १९०६ च्या खाण कायद्याखाली खनिजाच्या सवलती दिल्या, त्याही मुदतीविना, कायमच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे लोहखनिज जायला लागलं आणि डिचोली, सत्तरी, सांगे पोखरायला सुरुवात झाली. १९६१ ला झेंडा बदलला, पण या सवलती तशाच राहिल्या. त्या रद्द करून त्यांचे खाणपट्टे करणारा कायदा संसदेने केला १९८७ मध्ये. लिस्बनच्या नावाने दिलेल्या कागदावर स्वतंत्र भारतातला डोंगर सव्वीस वर्षं खणला जात होता!

पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं की या पट्ट्यांची मुदत २००७ लाच संपली होती. आणि राज्य सरकारने केलेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणं त्याच न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द केली. या सगळ्या काळात नफा खाणमालकांचा, लाल गाळ शेतकऱ्याच्या मळ्यात. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाले आणि कामगार रस्त्यावर आले, त्यांचंही दुःख खरं होतं, माझा चुलत भाऊ त्यांतलाच. तो आणि मी या विषयावर अजून भांडतो.

आमच्या मामाच्या मळ्यात एका पावसाळ्यात गुडघाभर गाळ आला, त्यानंतर तिथे भात झालं नाही. गाळ गेलेल्या शेतांची भरपाई नेमकी कोणी ठरवायची, अर्ज कुठे करायचा आणि तो करताना जुने पोर्तुगीज दस्त चालतात का, हे इथे कोणाला पक्कं ठाऊक असेल तर कृपया लिहा. मामाकडे कागद पोर्तुगीजमध्येच आहेत.